जावयाची कोंबडी

मालसूननं पातेल्यावरचं झाकण पुन्हा उचललं. कोंबडी अजून शिजायची होती, हे तिला न बघताही ठाऊक होतं. झाकण टाकून ती दाराशी गेली, रस्त्याकडे बघून परत आली.

मालबोक होता, कोरियातल्या उन्हाळ्यातला काहिलीचा शेवटचा दिवस. आज जिनसेंगची मुळी घातलेला कोंबडीचा कढत रस्सा प्यायचा, काट्यानं काटा काढायचा. आणि जावई येणार म्हटलं की सासूनं अंड्यावरची कोंबडीसुद्धा मागेपुढे न बघता कापायची. लेक सोजिन वारून दोन उन्हाळे झाले, पण जावई तेवूनं येणं चुकवलं नाही आणि मालसूननं कोंबडी.

काल मात्र तो फोनवर म्हणाला, "आई, थोडं बोलायचं आहे." शेजारणीनं तर तोंडावरच विचारलं होतं, लेकच नाही तर जावई कुठला? सकाळी कोंबड्यांच्या पोटात चिकट तांदूळ, लसूण, सुकी बोरं भरताना तेच तिच्या डोक्यात घोळत होतं, आणि एकमेकींत अडकवलेल्या तंगड्यांची अढी दोनदा सुटली.

तेवू आला आणि मान खाली घालून बसला. तिनं वाफाळता वाडगा पुढे ठेवला, तरी तो मिठालाही हात लावेना. बाहेर अक्रोडाखाली त्याची गाडी घुरघुरत होती.

"इंजिन बंद करायला विसरलात का, जावईबापू?"

त्याचे कान लाल झाले. गाडीत मियोन बसली होती. पुढच्या महिन्यात दोघं लग्न करणार होती. यापुढे या घरी कुठल्या तोंडानं येऊ, असं तो कसंबसं बोलला.

मालसूनला रडूच आलं असतं, पण त्याआधी राग आला.

"एवढ्या उन्हात बाईमाणसाला गाडीत कोंडून ठेवलंत? आधी आत बोलवा तिला."

मियोन आली आणि वाकून नमस्कार करून चुलीपाशीच घुटमळली. मालसून स्वतःसाठी शिजवलेली कोंबडी तिच्या वाडग्यात काढायला गेली, तर तंगडी पुन्हा सुटली. तांदूळ बाहेर यायला लागला. मियोननं न विचारता जेवणाच्या काड्या घेतल्या, कातडीच्या चिरेतून तंगडी अलगद आत ओवली आणि जीभ चावून मागे सरली.

"कोणी शिकवलं? आईनं?"

"आजीनं. आई मी लहान असतानाच गेली."

पातेलं रटरटत होतं. मालसूननं मिठाची वाटी तेवूपुढे सरकवली आणि करवादून म्हणाली,

"आईच नाही, मग जावयाला कोंबडी मी नाही तर कोण कापून घालणार?"