पहिलं झबलं

छपाईची चौकट उचलली तेव्हा झबल्यावर लाल बदक नीट उमटलं होतं. रंग कुठे पसरला नव्हता. धाकटीने झबलं खिडकीत वाळवलं, इस्त्री फिरवून रंग पक्का केला आणि शेजारच्या बिऱ्हाडात थोरल्या जावेला नेऊन दिलं.

नव्या रंगाचं पहिलं झबलं थोरलीच्या बाळाला, हा धाकटीचा शिरस्ता. रंग ती घरीच करायची, मुळं, साली, पाकळ्या उकळून. सोमवारी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाची मालकीण येणार होती. तिला पसंत पडलं तर वर्षभराचं काम. नाहीतर चौकटी माळ्यावर, लेक पाळणाघरात आणि पुन्हा नोकरीची शोधाशोध.

थोरली जरा फटकळच. "सगळी बदकं माझ्या पोराला. तुझी लेक बघावं तेव्हा पांढऱ्याफटक झबल्यात."

"विकायचा माल घरात वापरला तर विकू काय?"

"मग आमच्याकडे बरा येतो, फुकट."

"तुमचं वेगळं, ताई. पुतण्या आहे तो माझा."

पुतण्याचं ती करायचीही मनापासून. त्याची आंघोळ रोज तिच्याकडे. मानेच्या वळ्या, काखा, पाठ, सगळं हलक्या हाताने टिपून त्याला उजेडात धरायची आणि निरखत बसायची. आईला सुचत नाही एवढं काकू करते, असं थोरली शेजारपाजारी कौतुकाने सांगायची.

दोन-तीन दिवसांनी बाळ फार किरकिरायला लागलं. पाठभर पुरळ. उकाड्याने असेल, थोरली म्हणाली. उकाडाच, धाकटीही म्हणाली. तिने पाठ गार पाण्याने पुसली, लाल झबलं काढून घेतलं आणि लेकीचं एक पांढरं बाळाला चढवलं. घरी येऊन लाल रंगाचा डबा मोरीत ओतला. मग हिरवा घोटायला घेतला.

सोमवारी मालकीणबाई आल्या. फोनवर सांगितलेलं लाल बदक कुठंय, त्यांनी विचारलं.

"लाल बाद केला. नाजूक कातडीला सोसत नाही. हिरवा करतेय, पण आठवडाभर थांबावं लागेल. तपासल्याशिवाय मी देत नाही."

मालकीणबाई खूश झाल्या. बाकीचे लोक कसलाही रंग फासून माल गळ्यात मारतात, म्हणाल्या. त्यांनी एका जुन्या झबल्याची पट्टी उलटून वाचली: प्राण्यांवर चाचणी केलेली नाही.

"हे मला फार आवडलं. मुक्या जिवांचे हाल करायचे आणि त्यावर धंदा करायचा, आपल्याला नाही पटत." हिरवा तपासून झाला की काम तुमचंच, असं सांगून त्या जिना उतरल्या.

धाकटीने हिरव्या बदकावर इस्त्री फिरवली, झबल्याची घडी घातली आणि शेजारचं दार वाजवलं.

"ताई, बाळाची पाठ बरी झाली ना? मग आता हे घाला."