गाडीतलं कुत्रं

"आधी सांगा, विष कुणी घातलं?" डॉक्टर तनुजानं विचारलं.

टेबलापलीकडे एक माणूस उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, कपाळावर घाम. पायांत मात्र दोन जोडांच्या दोन चपला. नाव आप्पासाहेब सांगितलं, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला. कुत्र्याला विषबाधा झाली म्हणत दवाखान्यात घुसला होता आणि बरोबर कुत्रंच नव्हतं. हातात पिशवी होती. पिशवीत फवारणीच्या औषधाची बाटली.

"घातलं नाय कुणी, मॅडम. त्याचं त्यानंच पेलं."

बाकड्यावर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या शैलाताईंना राहवलं नाही. "फारच हुशार कुत्रं हो तुमचं! झाकणही त्यानंच उघडलं वाटतं?"

दवाखान्याच्या आसपास, पुंडलिकनगरात, महिनाभर हेच चाललं होतं. कुणीतरी मटणात काहीतरी कालवून गल्लीतल्या कुत्र्यांना घालत होतं. एकेक कुत्रं ह्याच टेबलावर तडफडून मेलं. तनुजाला एकही वाचवता आलं नाही. गल्ली हळहळली, मोबाईलवर मेणबत्त्यांची चित्रं फिरली. कोण घालतंय हे दहा जणांना ठाऊक असणार. तोंड एकानंही उघडलं नाही. आपली माणसं अशीच. आणि आता बाटली हातात घेऊन एक जण स्वतःच्या पायानं चालत आला होता.

"वाचतं का पण? आसं पेल्यावर किती टाइम ऱ्हातो हातात?"

तनुजाच्या डोक्यात सणक गेली. मरायला किती वेळ लागतो, हेच विचारत होता ना हा? आज माहिती घ्यायची, उद्या कामाला लागायचं.

"कुत्रं कुठंय?"

"गाडीत."

"आणा आत."

"आणता येत नाय. चावतं."

"चावू दे. माझा धंदाच आहे तो."

"नको, नको. तुमी इंजेक्शन भरून द्या निस्तं. मी टोचतो."

"न बघता औषध द्यायला हे किराणा दुकान नाही."

त्यानं हात जोडले. तनुजानं मोबाईल उचलला आणि सरळ त्याचा फोटो काढला. त्यानं पिशवीसकट हात तोंडावर घेतला. "फोटो नका काढू, मॅडम. पाया पडतो."

"बघा," शैलाताई म्हणाल्या, "चोराच्या मनात चांदणं."

तनुजाची खात्री झाली. आता ह्याला सोडायचं नाही. एकेक प्रश्न विचारायचा. खोटं बोलणारा कुठंतरी घसरतोच.

"कुठलं कुत्रं?"

"गावठी."

"नर की मादी?"

"मादी."

"उलटी झाली?"

"झाली. लई झाली."

"वजन किती?"

तो थांबला. इथवर फटाफट बोलत होता, इथं त्याची जीभ अडली.

"वजन कशाला?"

"औषध वजनावर असतं. कमी सांगाल तर उपयोग नाही, जास्त सांगाल तर औषधानंच मरेल. अंदाजपंचे नको. खरं सांगा."

त्यानं दाराकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "पन्नास किलो. नाय... पन्नासला थोडं कमीच."

शैलाताई हसणार होत्या. हसल्या नाहीत.

गावठी कुत्री पंधरा किलोची असते. खाऊनपिऊन माजली तर वीस. खोटं बोलणाराही एवढं खोटं बोलत नाही. तनुजानं काचेतून बाहेर पाहिलं. दारात पांढरी जीप उभी होती. भर दुपारी तिच्या काचांना आतून टॉवेल लावलेले होते.

ती पळत सुटली.

मागचं दार उघडलं. सीटवर एक बाई होती, रडू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. तिच्या मांडीवर विशीतल्या पोरीचं डोकं. हनुवटीवर फेस, केस ओले, पापण्या अर्धवट मिटलेल्या.

"माझी दीपमाला," बाईनं बोळा काढला. "रईवारी सुपारी फुटायची व्हती. पोरगी नाय म्हणत व्हती, मॅडम. लई येळा नाय म्हणली. ह्यांनी ऐकलं नाय."

तनुजानं पोरीला कुशीवर वळवलं. श्वास होता. तुटक, पण होता. आप्पासाहेब मागं येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्या हातातली बाटलीची पिशवी ओढून घेतली, किल्ली ओढून घेतली.

"शैलाताई, घाटीच्या सरकारी दवाखान्यात फोन करा! विषाची केस आणतेय म्हणावं, मुलगी आहे!"

शैलाताईंनी फोन कानाला लावला आणि टोपली काखेत मारून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. दोन रिक्षा करकचून थांबल्या. एक जण आईवरून शिवी देऊन गेला. त्या हलल्या नाहीत. जीप बाहेर पडली.

तनुजा जालना रोडला लागली. हॉर्नवरचा हात काढत नव्हती. मागं बाई पोरीच्या गालावर चापट्या मारत होती, "डोळे उघड गं, माय. नाय करायचं लग्न. नाय करायचं." आप्पासाहेब पुढच्या सीटवर आखडून बसला होता. अंगठ्यांचे हात गुडघ्यांवर. मागं वळून बघायची त्याची छाती होत नव्हती.

तनुजाला एकदम लख्ख दिसलं. हर्सूलहून घाटी किती जवळ! हा माणूस घाटी सोडून, अख्खं शहर ओलांडून, मरणारी पोरगी टॉवेलाआड झाकून तिच्याकडं आला होता.

"अहो, घाटी तुमच्या घराजवळ!" ती ओरडली. "मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे. माझ्याकडं का आणलीत हिला?"

आप्पासाहेबानं शर्टाची कॉलर नीट केली.

"जनावराची पोलिस केस व्हत नाय, मॅडम."