चातकाचा फोटो
अप्पांनी जन्मभर हरिकथेत चातक गायला, पण पाहिला कधीच नाही. "डोळे जायच्या आत दाखव रे," म्हणाले. मी नवा जपानी कॅमेरा घेऊन कालव्याकाठी हिंडलो; पुस्तकातल्या चित्राशी ताडून एकदाचा टिपला. रोल मद्रासहून धुऊन येईपर्यंत अप्पांची नजर गेली. गुळगुळीत फोटोवर बोटं फिरवत त्यांनी विचारलं, "दिसतो कसा?" "काळा-पांढरा, डोक्यावर तुरा." "ओरडतो कसा?" मी शीळ घालून दाखवली. अप्पांची बोटं थांबली. "अरे, हा तर आपल्या परसातला सुडलै कुयिल! मसणातला पक्षी, तोंड बघू नये म्हणून वर न पाहताच टाळ्या वाजवून हाकलत आलो ह्याला!" तेवढ्यात नारळावरून तीच शीळ आली. "थांब रे देवा," म्हणत अप्पा चाचपडत दाराकडे निघाले. कुंपणापलीकडून शेजारच्या मामींच्या टाळ्या वाजल्या. "पो! पो! जा इथून! आंधळ्या म्हाताऱ्याच्या दारात ओरडतोस मेल्या?"