सातवी सीट

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी ते नवी सात सीटची गाडी पुसत होते. जन्मभर सेडान चालवणाऱ्या माणसाने दादाच्या मुलांसाठी ती विकून ही घेतली, हे मला सलत होतं.

"तुम्ही दोघं, दादाकडचे चौघं. भरली गाडी," मी म्हटलं.

"सहाच झाले की."

"सातवी सामानाला."

बाबा हसून चालकाशेजारची सीट पुसू लागले.

आज दादा किल्ली आणायला आत गेला आणि मी मागे चढू लागले. भाचीने अडवलं. "आत्या, तू पुढे. मागे बसलं की तुला मळमळतं ना? आजोबा आजीलासुद्धा पुढे बसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ती आत्याची सीट."

 

पुढे बसून मी शेजारच्या, चालकाच्या रिकाम्या सीटला म्हटलं, "बाबा, मला तुमच्या शेजारीच बसायचं होतं."