कोपऱ्यातली पेशी

सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणाऱ्या पेशींचे चाळीस हजार करडे फोटो एका व्हिडिओत दाबून बसवायचे होते. त्यासाठी कोणता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची कोणती पद्धत घ्यायची, यावर सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या तिनं आठ महिने रक्ताचं पाणी केलं. लॅबमध्ये तिचं नावच ‘करडीताई’ पडलं.

सर म्हणायचे, “अगं पोरी, कशाला एवढी डोकेफोड? चार छटा गळाल्या तर गळाल्या, फाइल तर लहान होते ना! बघणाऱ्याला कळतंय कुठे?”

“सर, कोपऱ्यातली ती अंधुक पेशीही तेवढीच धडधडलीय. तिनं काय घोडं मारलंय?”

शेवटी एकही छटा न गाळणारा कोडेक तिनं शोधलाच. “माझी लेकच आहेस,” म्हणत सरांनी पाठ थोपटली.

परिषदेत पडद्यावर कोपऱ्यातली पेशी लख्ख धडधडली. टाळ्यांच्या कडकडाटात शेवटची पाटी आली. संशोधन: सर. कोडेकची निवड: लॅबकडे कधी न फिरकलेले सरांचे जावई.

“सर, माझं नाव गळलंय,” ती कशीबशी म्हणाली.

सर कोटाचं बटण लावत हसले.

 

“अगं पोरी, बघणाऱ्याला कळतंय कुठे?”