नेरूळची जाई

जाई भांडी घासत होती. नमिता दारातच थबकली.

"या ना, बसा," मोनाली म्हणाली. मोनाली जाईची आई. रणजीतशी घटस्फोट झाल्यावर तिने नेरूळला दुसरा संसार मांडला होता. जाई एक शनिवार-रविवार आड इथे यायची. एरवी ती उलव्याला असायची, वडिलांकडे, आणि त्यांनी नमिताशी लग्न केल्यापासून तिच्याकडेही.

उलव्याची जाई जेवलेलं ताट जागेवरून हलवत नसे. ओला टॉवेल पलंगावर, दप्तर वाटेत, शनिवारचा डबा सोमवारपर्यंत दप्तरातच. काही सांगितलं की "हो गं, करते," आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं. मग रणजीत मुकाट्याने उठून तिचं ताट विसळायचा.

"तू तिला एकदा तरी रागव," नमिता म्हणायची. "मीच बोलत राहिले तर मी सावत्र ठरते."

"राहू दे गं. इथे तरी राहू दे."

आज सकाळी मात्र नमिताचा तोल गेला. मी काय इथे कामवाली बाई आहे का, जाईला तिच्या आईकडेच राहू दे, असं ती बोलून गेली. रणजीत म्हणाला, "संध्याकाळी तिला आणायला तू जा. मोनालीला तूच विचार. माझ्या तोंडून नाही निघायचं ते."

म्हणून ती आली होती.

"पोर फार गुणी हो," सोफ्यावरून मोनालीच्या सासूबाई म्हणाल्या. "काही सांगावं लागत नाही. आली की लागलीच कामाला."

मोनाली हसली, पण आधी सासूबाईंकडे बघून, मग हसली.

नमिताचे कान तापले. म्हणजे सगळं येतं हिला. फक्त माझ्या घरात करायचं नाही. चला, विचारणं सोपं झालं.

"मोनाली, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"बोलू ना. चहा टाकते आधी."

"आई, तू बस. मी टाकते!" आतून लगेच आवाज आला. असा मऊ, घाईचा आवाज नमिताने उलव्यात कधी ऐकला नव्हता.

पाणी पिण्याच्या निमित्ताने ती आत गेली. ओटा लखलखीत होता. फडकं पिळून नळावर सरळ पसरलेलं होतं. तिला बघून जाईच्या हातातला चमचा निसटला, खणकन वाजला. जाई जागच्या जागी गोठली आणि बाहेरच्या खोलीकडे बघत राहिली. कुणी काही बोललं नाही, तेव्हा तिने तो उचलला.

"इथे एवढं करतेस," नमिता हळूच म्हणाली, "मग घरी काय होतं गं तुला?"

"इथे नाही केलं तर बोलावणार नाहीत."

"कोणाला?"

"मला. मागे मी पसारा केला होता, तेव्हा पुढच्या वेळी आजी नको म्हणाल्या." जाईने गॅस बारीक केला. "घरी काय टेन्शन, मावशी? घरी तू ओरडतेस, आणि मग जेवायला हाक मारतेस."

तेवढ्यात मोनाली आत आली.

"काय बोलायचं होतं तुम्हाला?"

जाई पाठमोरी होती. चहा वर येत होता. नमिताने पुढे होऊन गॅस बंद केला.

"काही नाही हो," ती म्हणाली. "आमच्याकडे ही इकडची काडी तिकडे करत नाही. एवढंच सांगायचं होतं."

मोनालीने बाहेर सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"अजिबात नाही?" तिने विचारलं, आणि तिचा चेहरा उजळला.