डावी लेन

आरशात पांढरी कार डावीकडे सरकताना दिसली आणि भुजंगने ट्रकही डावीकडे दाबला. मागून हॉर्न लांबलचक वाजला.

पुलाचा चढ संपत आला होता. उंच केबिनमधून त्याला पलीकडचा उतार दिसत होता. मागच्या कारमधून तो दिसणं शक्य नव्हतं. उतारावर, डाव्या लेनमध्ये, सोयाबीन वाळत घातलं होतं. भोवती दगड मांडले होते, आणि रस्त्याकडे पाठ करून एक बाई पायाने ते सारत होती.

शेजारच्या सीटवर कोणी असतं तर हात बाहेर काढून मागच्याला थांबवता आलं असतं. तिथे डबा होता आणि पाण्याचा कॅन.

कार पुन्हा उजवीकडे, ट्रकच्या मागे येईपर्यंत भुजंगने डावी बाजू सोडली नाही. मग एकदम स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. मागची डावी चाकं सोयाबीनच्या कडेवरून गेली. आरशात बाई लहान होत गेली. तिने मान वळवून पाहिलंही नाही.

पुढे रस्ता मोकळा झाल्यावर त्याने ट्रक डाव्या लेनला घेतला, तशी कार उजवीकडून सुसाट निघून गेली.

अहमदपूरच्या अलीकडे, शरणम्माच्या चहाच्या टपरीसमोर, ती कार उभी होती. कारवाला रस्त्याच्या कडेला हात आडवा करून उभा होता. भुजंगने ट्रक बाजूला लावला.

“खाली उतर.”

भुजंग उतरला. लातूरच्या डाळ मिलमधून पोती भरून निघाल्यापासून त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. टोलनाक्यावरसुद्धा आता दांडा आपोआप वर होतो.

“लेन म्हणजे काय ते कळतं का तुला?” कारवाला म्हणाला. राघवेंद्र सर म्हणून लातुरात त्यांचा फिजिक्सचा क्लास होता. आवाजही फळ्यासमोरचाच होता. “आधी उजवी लेन अडवायची. माणूस डावीकडून निघाला की त्याला दाबायचं. वर माझ्या काचेवर खडी उडवलीस.”

“तिकडं बाई व्हती, साहेब.”

“कुठली बाई?”

“सोयाबीन हालवून राहिली व्हती. पाठमोरी. तुमी तवा दुभाजकाकडून जागा बघून राहिले व्हते.”

“मला कोणी दिसलं नाही. मी फोन केलाय तुझ्या मालकाला. नंबर मागे लिहिलेलाच आहे.”

भुजंगने खिशातला मोबाईल काढून पाहिला. मालकाचे तीन फोन येऊन गेले होते. इंजिनाच्या आवाजात कळले नव्हते. मालक चन्नबसप्पांनी मागच्या महिन्यातच बजावलं होतं, आता आणखी एक तक्रार आली तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं.

“भांडन च्या पिऊन करा,” टपरीतून शरणम्मा म्हणाली. “दोन्ही कप थंड होऊन राहिले.”

दोघांपैकी कोणी वळलं नाही. भुजंग कारच्या पुढे गेला. वायपरच्या खाचेत बोट घालून त्याने चार दाणे काढले आणि बॉनेटवर ठेवले.

“ही तुमची खडी.”

सर दाण्यांकडे पाहत राहिले. एक दाणा उचलून त्यांनी नखाने दाबून पाहिला. सोयाबीन अजून पुरतं वाळलं नव्हतं.

“क्लीनर कुठे आहे तुमचा?” सरांनी विचारलं. ‘तुमचा’ हे पहिल्यांदाच आलं होतं.

“न्हाई ठेवत आता. मोठे आरशे बसवून देलेत. मालक म्हणतेत, दिसतंय की सगळं.”

“मग दिसत नाही?”

“दिसतंय. पर आरसा हात करत न्हाई, साहेब.”

सरांनी पुन्हा फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “मी राघवेंद्र. मघाशी बोललो होतो. ड्रायव्हरची चूक नव्हती. रस्त्यात एक बाई होती, त्यांनी तिला वाचवलं.”

“असं तो सांगायलाय का?” चन्नबसप्पा फोनवर हसले. “त्याच्या आडवं कुणीतरी येतंच असतंय, सर. मागच्या बारीला गाय व्हती. म्या त्याच्या जागी दुसरा डायवर धाडलाय इथून, मोटारसायकलवर. तुमी सोता पाहिली का बाई? तेवढं सांगा.”

सरांनी हातातला दाणा बॉनेटवर ठेवला. प्रयोगात जे दिसलं तेवढंच वहीत लिहायचं, असं ते वीस वर्षं पोरांना सांगत आले होते. भुजंग त्यांच्याकडे बघत नव्हता. तो ट्रकच्या मागच्या चाकाशी उभा राहून टायरच्या खाचांत चिकटलेल्या शेंगांची टरफलं काढत होता.

“हॅलो,” फोनमधून आवाज आला. “पाहिली का?”

“पाहिली,” सर म्हणाले. “पाठमोरी होती. हिरवं लुगडं होतं.”



“मग ऱ्हाऊ द्या. बोलवून घेतो त्या दुसऱ्या डायवरला माघारी,” चन्नबसप्पा म्हणाले, आणि फोन बंद झाला.

शरणम्माने दोन्ही कप ओतून टाकले आणि नव्याने भरून आणून बॉनेटवर ठेवले. सरांनी कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. रस्त्यावरून एकामागून एक गाड्या जात होत्या, काही उजवीकडून, काही डावीकडून.

“लुगडं हिरवंच होतं ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“पिवळं व्हतं,” भुजंग म्हणाला. त्याने चहाचा एक घोट घेतला. “पर हिरवंच ऱ्हाऊ द्या, साहेब. आपन दोघांनीच पाहिलंय तिला.”